काठातला सातवा धागा

मुलांनो, तुमच्यातल्या थोरलीनं गेल्या वर्षी पत्रात एक प्रश्न विचारला होता. "आज्जी, सगळे सजीव एकाच मुळापासून बदलत बदलत आले, हे आम्हांला इथं वर्गात शिकवतात. तुला त्या काळी, त्या घरात, हे कसं पटलं?" मी उलट टपाली 'सविस्तर लिहीन' एवढंच कळवलं आणि मग लिहिलं नाही. आता लिहायला हवं. पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि उजव्या डोळ्याला अक्षरांच्या कडा पुसट दिसू लागल्या आहेत. माझी सवय तुम्हांला ठाऊक आहे. आधी ट्रंक आवरली, मग कागद आखले, मग लिहायला बसले. ट्रंकेच्या तळाशी मलमलीत गुंडाळलेली लुगड्याच्या काठाची वीतभर पट्टी निघाली. थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर त्या पट्टीत आहे.

आमचं घर बेळगावात, खासबागेत. पुढच्या सोप्यात दोन हातमाग. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायचं. एका मागावर आज्जा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, आणि दुसऱ्यावर आप्पा, माझे वडील. दुपारी मी ताण्याखाली उताणी पडायची. उभे धागे शेकड्यांनी डोक्यावर पसरलेले, त्यांतून ऊन गाळून येई, आणि धागे वर-खाली झाले की ऊनही श्वास घेतल्यासारखं वर-खाली होई. मला वाटे, आपण एखाद्या नदीच्या तळाशी पडलो आहोत आणि वरून रंगीत पाणी चाललं आहे. ते पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे विचारायचं सुचत नसे. धाग्यांतून इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचा आवाज ऐकत ऐकत डोळा लागे.

एक लुगडं संपलं, ताणा संपला, म्हणजे माग रिकामा करत नसत. जुन्या ताण्याची वीतभर झालर फणीत, म्हणजे धागे ओवायच्या काड्यांच्या चौकटीत, तशीच अडकवून ठेवत आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला पिळून जोडत. याला सांधणं म्हणत. बोटांना राख लावायची, म्हणजे धागा निसटत नाही. हे काम बायका-पोरींचं. मी सहा वर्षांची असल्यापासून काठाची बाजू सांधत होते. लालाला लाल, पिवळ्याला पिवळा. डोकं चालवायचंच नाही, जुना धागा सांगेल तसं करायचं.

आमच्या डाव्या काठात एक पिवळी पट्टी होती, आणि तिच्यात सातवा धागा लाल होता. त्याचं तिथं काही काम नव्हतं. नक्षीत तो बसत नव्हता, उजव्या काठात तो नव्हता. कधीतरी कुणाच्या तरी हातून फणी भरताना चुकून तिथं गेला, आणि पुढच्या प्रत्येकानं लालाला लाल सांधला. मी एकदा विचारलं, "आज्जा, हा काढूया की." तो म्हणाला, "काढायचा म्हंजे अख्खा काठ उसवायचा. कोण करतंय? आमच्या आज्ज्याच्या वक्तालाबी व्हता तो." घराण्याची खूण वगैरे म्हणून तो राखला होता असं कुणी तुम्हांला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आळसानं राहिला होता.

मी मुलींच्या इंग्रजी शाळेत जात होते. खासबागेतून तेव्हा आम्ही दोघीच जायचो, आणि दुसरीचं लग्न झाल्यावर मी एकटीच. मॅट्रिकच्या वर्षी शास्त्र शिकवायला एक बाई आल्या. सुती पातळ, पायांत बूट, आणि टेबलावर नेहमी काहीतरी झाकून ठेवलेलं. एके दिवशी त्यांनी कोंबडीखाली चार दिवस उबवलेलं अंडं कोमट मिठाच्या पाण्यात फोडलं. पिवळ्या बलकावर लाल ठिपका उडत होता. ते काळीज होतं. बाईंनी भिंगातून मानेजवळच्या बारीक चिरा दाखवल्या आणि म्हणाल्या, "माशाच्या पिल्लालाही सुरुवातीला अशाच असतात. त्याच्या त्या कल्ल्यांच्या होतात, हिच्या मिटून जातात. तुमच्याही होत्या, जन्मायच्या खूप आधी." सगळ्या मुलींचे हात आपापल्या मानेवर गेले.

त्या दिवसापासून मी जागेपणी स्वप्नात असल्यासारखी वावरत होते. तळ्याकाठच्या झाडाखाली मेलेलं वटवाघूळ सापडलं ते मी दप्तरात घालून घरी आणलं आणि परसात पाटावर पंख ताणून बसवला. कातड्याआड बोटं होती. अंगठा बाहेर, चार आत, लांबच लांब. मी माझा हात शेजारी ठेवला. आई धुणं घेऊन आली आणि किंचाळली, "काय मढं आणलंस गं घरात! टाक ते, आंघोळ कर!" मी आंघोळ केली, पण मोजून झाल्यावर.

मॅट्रिकचा निकाल लागला. मी पास झाले. बाईंनी कोल्हापूरच्या कॉलेजात शास्त्र शाखेसाठी माझ्याकरता लिहिलं, मुलींच्या वसतिगृहात एक जागा धरून ठेवली. पंधरा दिवसांत होय की नाही कळवायचं होतं. आमच्या घरात असा शब्द आज्जाचा. आप्पा तर त्याच्यासमोर धोटासुद्धा हळू मारत.

त्याच आठवड्यात बेळगुंदीहून मामा आला. तो शेती करणारा, गडगडून बोलणारा, आल्या आल्या थट्टा करणारा. आईनं त्याला वटवाघळाची तक्रार सांगितली आणि माझ्या बोलण्यातलं जे काही तिला कळलं होतं तेही सांगितलं. मामा मागाजवळ जाऊन बसला.

"पावणं, ऐकलं काय? तुमची नात माकडाच्या वंशातली हाय म्हणं. आमची भैण तर दिलीती मानसाच्या घरात. आमास्नी फसवलंसा व्हय?"

आज्जा हसला. मग त्यानं मला हाक मारली. तो मला आक्का म्हणे. "आक्का, खरं हाय काय हे?"

मी म्हटलं, "माकडापासून नाही आज्जा. माकडाचा आणि आपला आज्जा एक. फार फार मागचा."

"कुणी बघितलंय?"

"कुणीच नाही. तेव्हा माणूस नव्हताच."

"मग जे कुणी बघितलं न्हाय ते शिकायला तू एवढ्या लांब कशाला जातीस?" तो रागावला नव्हता. रागावला असता तर मी रडले असते आणि निदान आप्पा मध्ये पडले असते. तो खरंच विचारत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला माझी वही दाखवली. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, मांजराचा पंजा. खांद्यापासून एक हाड, मग दोन, मग मनगट, मग बोटं. त्यानं वही उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "झकास काढलायस," म्हणाला. "पण हे बघ. आमचा सुतार खाट करतोय, पाट करतोय, चौरंग करतोय. सगळ्यांचे पाय सारखेच असतात. म्हणून काय पाटाच्या पोटी चौरंग जन्मला? हात एकाचा हाय, म्हणून घडण सारखी. देवाचा हातबी एकच की."

मी वही मिटली. मला आजही वाटतं की सगळ्या जन्मात मी ऐकलेला तो सगळ्यात चांगला आक्षेप होता. बाईंकडे जाऊन विचारावं तर त्या सुटीला गावी गेलेल्या. दहा दिवस उरले, मग आठ. मी ताण्याखाली पडून राहायची, वर रंग वाहत असायचे, आणि मला दिसे की कोल्हापूरची ती खोली कुणा दुसरीला मिळाली आहे आणि ती खिडकीत केस विंचरते आहे.

आठ दिवस उरले होते तेव्हा मामा पुन्हा आला. आपल्या मुलीच्या सासरी निपाणीकडे गेला होता आणि मामीसाठी तिथल्या बाजारात लुगडं घेऊन आला होता. "पावणं, बघा जरा. फसलो का न्हाय सांगा."

आज्जाची नजर तेव्हा अधू झाली होती. तो काठ अंगठ्यानं वाचायचा. त्यानं पदर सोडून काठ बोटांवरून सरकवला, मग थांबला, परत मागे आला. मग दाराशी उजेडात गेला.

"हे आमच्या घरातलं हाय," तो म्हणाला.

"न्हाय वो! निपाणीत घेतलंय. बोरगावचा विणकर बसलाता बाजारात, त्येच्याकडनं."

"आक्का, इकडं ये. मोज."

मी मोजलं. डावा काठ, पिवळी पट्टी, सातवा धागा लाल.

आज्जानं दुसरा काठ हातात घेतला. तिथं एका जागी बारीक विरळ रेघ होती. फणीची एखादी काडी मोडली की तिथला धागा जातो आणि अशी रेघ पडते. आमच्या लुगड्यात तशी रेघ कधीच नव्हती. आज्जा तिच्यावर अंगठा ठेवून उभा राहिला. नंतर तो इतक्या हळू बोलला की आप्पांनी माग थांबवला.

"अण्णाचं हाय हे."

अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. मी त्याचं नाव क्वचितच ऐकलं होतं. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा घरच्या रीतीप्रमाणे थोरल्यानं झालरीसकट जुनी फणी घेतली आणि धाकट्यानं तिच्यावरून नवी भरून घेतली, धाग्याला धागा, त्या चुकीच्या लालासकट. पुढच्या वर्षी प्लेग आला. लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत गेले. अण्णा बायको आणि फणी घेऊन उत्तरेकडे चालत गेला. त्याच्या मागोमाग कुणी शोधायला गेलं तर कुठल्याच गावाच्या वेशीत शिरू देत नव्हते. सगळं शांत झाल्यावरही तो आला नाही. तो वारला असं धरून आज्जानं वर्षं काढली होती.

मामा जरा गोंधळला. "अहो, कुणीतरी तुमचं लुगडं बघून विणलं असंल की. बाजारात काय, सगळेच एकमेकाचं बघत्यात."

"बघून काय उचलंल?" आज्जा म्हणाला. "चांगली नक्षी असंल तर कुणीबी उचलंल, मीबी उचलीन. चूक कोण उचलंल? ह्यो लाल धागा कुणाच्या कामाचा न्हाय. ह्यो वारशानंच येतोय, दुसरीकडनं येत न्हाय. आनि ही रेघ बघा. धागा आमच्या दोघांतबी हाय, म्हंजे आमी फुटायच्या आधीचा. रेघ नुसती त्यांच्यात हाय, म्हंजे फुटल्यावरची."

मी त्या वेळी काय करते आहे हे मला कळत नव्हतं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"आज्जा, कुणी बघितलंय?"

आई म्हणाली, "गप गं!" मामा हसायला लागला आणि मध्येच थांबला. दारातून ऊन आज्जाच्या उघड्या हातावर पडलं होतं आणि त्या हातावर काटा आला होता. पांढरे केस एकेक करून उभे.

"म्हंजे तुज्या त्या वटवाघळातबी अशी चूक हाय म्हणतीस?" त्यानं विचारलं.

"वटवाघळात नाही शोधायची. हा काटा बघा." मी त्याच्या हाताला हात लावला. "मांजराला थंडी वाजली की ते केस फुलवतं, केसांत ऊब राहते. कुत्रं अंगावर आलं तरी फुलवतं, मोठं दिसतं. त्याच्या अंगावर केस आहेत म्हणून त्याला उपयोग आहे. तुमच्या अंगावर कुठं एवढे केस आहेत? तरी प्रत्येक केसाच्या मुळाशी त्याला ओढणारी बारीक दोरी आहे, आणि अजून ओढते. तिचं काही काम नाही आज्जा. कुणी मुद्दाम घडवताना ती घालणार नाही. हा सातवा धागा आहे."

मला वाटतं बाईंनी हे वर्गात एकदा ओझरतं सांगितलं होतं. मी ते वहीत उतरवलंही नव्हतं.

आज्जा आपल्या हाताकडे बघत बसला. काटा हळूहळू विरला, केस पडले. मामा म्हणाला, "पावणं, पोरगी वकील व्हणार बघा."

मग आज्जानं मला एक अट घातली. "मी बोरगावला जाऊन येतो," तो म्हणाला. "धाग्यावरनं मी म्हणालो, अण्णाचं घर तिथं हाय. ते निघालं तर धागा खरं सांगतोय. मग तुजी बोलणीबी खरी असतील, तू कोल्हापूरला जा. न्हाय निघालं तर माजंबी चुकलं आनि तुजंबी. मग इथंच ऱ्हायचं. चालतंय?"

मी म्हटलं, "चालतंय." दुसरं काय म्हणणार! पण मनात लख्ख कळत होतं की त्याच्या अंगठ्यावर माझं सगळं टांगलं आहे. बाजारातला तो विणकर दुसऱ्याच कुणाचा माल विकत बसला असेल. फणी कुणी विकलीही असेल. अण्णाच्या घराशी संबंध नसलेल्या कुणाच्या तरी मागावर ती असली तर?

मामाला घेऊन तो सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेला, तिथून बैलगाडीनं पुढे. घरात एकच माग चालू राहिला. त्या तीन दिवसांत एक विचित्र गोष्ट घडली, ती सांगते. मी परसात बसले की जे दिसेल त्यात मला सातवा धागा दिसू लागला. कोंबडीच्या पायांवर खवले होते, सरड्यासारखे. म्हशीच्या खुरामागं जमिनीला न टेकणारी दोन छोटी खुरं होती. माझ्या स्वतःच्या कण्याच्या टोकाशी ते हाड होतं, ज्याच्यावर पडले की डोळ्यांपुढे तारे येत. सगळं परस जणू एकाच मागावरून उतरलं होतं, फार जुन्या हातांनी, आणि कुणीच काही उसवून काढलं नव्हतं. जुन्यालाच नवं सांधत सांधत सगळं इथवर आलं होतं, गवत, कोंबडी, आई, मी. भीती वाटत होती, तरी त्या परसात मला आयुष्यात पहिल्यांदा एकटं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आज्जा आला. चप्पल काढली, पाय धुतले, पाणी प्यायला. मी खांबाला टेकून उभी होते. त्याच्याबरोबर कुणी नव्हतं, मामा परस्पर बेळगुंदीला गेला होता. आज्जाच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"अण्णा न्हाय," तो म्हणाला. "बारा वर्सं झाली त्याला जाऊन. त्याचा ल्योक हाय, नातू हाय. तीन माग हाईत. माणसं अण्णासारखीच, नाकबी तेच." त्यानं तांब्या खाली ठेवला. "प्लेग ओसरत आल्यावर अण्णा एकदा हितं येऊन गेलता म्हणं. घराला कुलूप बघून परत गेला. आमी तवा माळावरच व्हतो. त्यानं धरलं आमी मेलो, आमी धरलं तो मेला."

"आणि फणी?" मी विचारलं.

"भिंतीला टांगलीया. उजव्या अंगाची एक काडी मोडलेली. नव्या फणीतबी त्यांनी त्या काडीचं घर मोकळंच ठेवलंय. मी विचारलं का, तर म्हणाले, जुनीत तसंच हाय म्हणून."

मग त्यानं पिशवीतून काठाची वीतभर पट्टी काढली. अण्णाच्या मुलानं मागावरून कापून दिली होती. ती त्यानं माझ्या हातात ठेवली.

"माकडाचं मी अजून मानत न्हाय, आक्का," तो म्हणाला. "पण बोलणं मानतो. जा तू."

आप्पांनी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं आणि मी ते स्वतः टपालात टाकलं. मुदतीला पाच दिवस बाकी होते.

कोल्हापूरला मी चार वर्षं शिकले. तिथं मला खडकात उमटलेले शिंपले पाहायला मिळाले, अजगराच्या सांगाड्यातली पायांची खुंटं पाहायला मिळाली, एकाच जातीच्या कबुतरांतून माणसांनी निवडून निवडून किती तऱ्हा केल्या तेही कळलं. प्रत्येक सुटीत आज्जा विचारायचा, "ह्या टायमाला काय घावलं?" मी सांगायची. तो कधी मान हलवायचा, कधी म्हणायचा, "ह्यात चूक कुठं हाय? ही तर नुसती नक्षी." नक्षीवर त्याचा विश्वास बसत नसे. अजगराचे पाय मात्र त्याला फार आवडले. तो शेजाऱ्यांना बोलावून सांगे. शेवटच्या सुटीत, अंथरुणावर असताना, त्यानं मला जवळ बोलावून विचारलं, "मग तो फार मागचा आज्जा, त्याला आपण कुठनं आलो ते ठावं व्हतं काय गं?" मी म्हटलं, "नाही." "बिच्चारा," तो म्हणाला.

खासबागेतलं घर आता आपलं नाही. दोन्ही माग मोडले, फणी कुणी नेली ते मला माहीत नाही. वटवाघळाच्या चित्रांची वही वाळवीनं खाल्ली. बोरगावच्या घरात विजेचे माग आले आहेत, आणि अण्णाच्या पणतूनं मागच्या दिवाळीला मला एक साडी पाठवली. मी भिंग घेऊन काठ मोजला. सातवा धागा अजून लाल आहे.